मुद्देमालातला बसथांबा

ती घटना आठवली की आजही आधी माझी मान खाली जाते आणि मग डोकं तापतं. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही लिहितो. निवृत्त अधिकाऱ्यांच्या आठवणींत साहेब पहिल्या ओळीपासून हुशार असतात. या प्रकरणात मी पहिले तीन तास निव्वळ गाढवपणा केला. तो गाळून लिहायचं असेल तर न लिहिलेलं बरं. नावं मात्र कोणाचीच देत नाही. ज्यांना ओळखायचं ते स्वतःला ओळखतील.

छत्रपती संभाजीनगरात जालना रोडलगतच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. निवृत्तीला दीडेक वर्ष उरलं होतं. हद्दीत नाल्यावरच्या पुलाचं काम निघालं. ठेकेदारानं रस्त्याच्या कडेनं हिरवे पत्रे उभे केले, प्रत्येक पत्र्यावर पांढऱ्या रंगानं नंबर टाकला, आणि त्यांच्या मागं एक जुना बसथांबा गडप झाला. थांबा दोनशे पावलं पुढं नेला, असं जाहीर झालं. म्हणजे पुढच्या एका लिंबाच्या झाडाला कागद चिकटवला. तो कागद दोन दिवसांत वाऱ्यानं गेला. माणसं चार दिवस कुरकुरली आणि पुढं जाऊन उभी राहायला लागली. आमच्या लेखी विषय संपला.

महिनाभरानं ठेकेदाराचा सुपरवायझर तक्रार घेऊन आला. साइटवरून लोखंडी सळया आणि पत्रे चोरीला जातायत. गुन्हा दाखल केला आणि तपास आमच्या बीट हवालदाराकडं दिला. हा माणूस सत्तावीस वर्षं नोकरी केलेला, बीटातली कुत्रीसुद्धा ओळखणारा. त्यानं साइटसमोरच्या चहावाल्याला कामाला लावलं. आठवड्यात खबर आली. चहावाल्याला हवालदारानं माझ्यासमोरच उभं केलं.

"साहेब, रोज सकाळी आठ पाचला एक जण येतंय. सात नंबरचा पत्रा सरकवून आत शिरतंय. पंधरा-वीस मिनिटांनी भाईर येऊन पत्रा परत जागेवर लावतंय. अन् जाताना काखेत पत्र्याचा तुकडा असतंय. लई बेरकी दिसतंय, कुणाच्या तोंडाकडं बघत बी नाय."

खबर शंभर टक्के खरी होती. फक्त एक प्रश्न मी विचारला नाही: येतानाही त्याच्या काखेत पत्रा असतो का? तेवढं विचारलं असतं तर हे प्रकरण चहाच्या टपरीवरच मिटलं असतं.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत सापळा लावला. आठ पाचला तो आला. पंचविशीचा तरुण, निळा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, खांद्याला डब्याची पिशवी. बाहेर पडताना हवालदारानं मागून कॉलर धरली. त्याबरोबर त्यानं अशी किंकाळी फोडली की जालना रोडवरच्या रिक्षा थांबल्या.

ठाण्यात आणून अंगझडती घेतली. काखेतला पत्रा म्हणजे गंजलेला बोर्ड होता. वर 'बस थांबा' आणि खाली मार्गाचे नंबर. दोन पंच बोलावले, पंचनामा केला, बोर्डाला लेबल लावून लाखेचं सील ठोकलं आणि तो मुद्देमाल खोलीत जमा केला. डबा काढून घेतला, बूट काढायला लावले. हे सगळं नियमाप्रमाणं. मग चौकशी सुरू.

"नाव?"

"नाव?"

"मी विचारतोय. तुझं नाव काय?"

"तुझं नाव काय?"

"माझी टिंगल करतो का रे?"

"टिंगल करतो का रे," तो भिंतीकडं बघत म्हणाला. आवाजाची पट्टीसुद्धा माझीच. मग मागंपुढं डोलायला लागला आणि एकच वाक्य सुरू केलं. "चौदा के बाद पंद्रा. चौदा के बाद पंद्रा."

तीस वर्षांच्या नोकरीत मी एक नियम उराशी धरला होता. डोळे चुकवतो तो खोटं बोलतो. नव्या फौजदारांना मी तो ऐटीत शिकवायचो. त्या दिवशी मी खुर्चीतून उठलो, त्याची हनुवटी धरली आणि तोंड माझ्याकडं वळवलं. "माझ्याकडं बघून बोल." त्यानं स्वतःच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. रक्त आलं. मी हात सोडला, पण धरला होता, हे खरं. त्याची लाज मला आजही वाटते.

रक्त बघून हवालदार मलमपट्टी शोधायला गेला आणि जप्त केलेल्या वस्तूंतलं एक कार्ड घेऊन परत आला. त्याचा चेहरा उतरला होता. "साहेब, हे वाचा."

ते कार्ड आम्हाला अंगझडतीतच सापडलं होतं. 'लॅमिनेशन केलेलं कार्ड, एक नग' असं पंचनाम्यात लिहिलंही होतं. वाचलं मात्र कोणीच नव्हतं. त्यावर मोठ्या अक्षरांत होतं: 'मला ऑटिझम आहे. मी कमी बोलतो. मला हात लावू नका, ओरडू नका. माझ्या बहिणीला फोन करा.' खाली नंबर.

बहीण वीस मिनिटांत रिक्षानं आली. त्याच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, उर्दू शाळेत शिकवणारी. ती रडेल, हात जोडेल, असं मला वाटलं होतं. तिनं माझ्याच केबिनमध्ये मला हुकूम सोडले. "पंखा बंद करा, आवाज करतोय. वायरलेस बारीक करा. याचे बूट द्या. आणि सगळे जरा बाहेर व्हा."

मी बाहेर झालो. दाराच्या फटीतून बघत होतो. ती त्याच्याजवळ गेली नाही. चार हात लांब जमिनीवर बसली आणि हळू आवाजात, एकाच चालीत सांगत राहिली. "पहले बूट. फिर पानी. फिर आपा के साथ घर." तीनदा, चारदा. पाचव्यांदा त्यानं बूट घातले.

तो शांत झाल्यावर ती माझ्याशी मराठीत बोलली, आणि बोलली म्हणजे झाडलंच. "साहेब, माझा भाऊ चोर नाही. करमाडच्या अलीकडं पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना आहे, तिथं तो खोकी दुमडतो. त्याच्याइतकी सरळ घडी तिथं कोणाचीच पडत नाही. त्याला एकट्यानं बसनं जायला शिकवायला मला दोन वर्षं लागली. आधी शेजारी बसले, मग मागच्या सीटवर, मग बसच्या मागून स्कुटीवर. तुमच्यासाठी थांबा दोनशे पावलं पुढं गेला. त्याच्यासाठी थांबा मेला. बोर्ड दगडमातीत पडला होता, तो यानं उचलून घरी आणला. रोज काखेत घेऊन जातो, जुन्या जागेवर उभा करतो आणि बसची वाट बघतो. बस थांबत नाही. मग बोर्ड घेऊन परत येतो. मी सुट्ट्या टाकून, ओढत नेऊन बघितलं, रस्त्यातच बसतो. मालक म्हणाले, अजून दोन आठवडे बघतो. पुढं हा घरात बसणार. एकदा घरात बसला की पुन्हा बाहेर निघणं अवघड, हे मला माहीत आहे."

"पण त्याला नीट समजावून सांगितलं तर?" मी विचारलं. किती शहाणा प्रश्न!

"तुमचं ठाणं उद्या न सांगता दुसरीकडं हलवलं तर तुम्ही काय कराल?"

मी हवालदाराकडं बघितलं आणि त्यानं खाली बघितलं. कारण ते झालं होतं. दोन वर्षांपूर्वी दुरुस्तीसाठी आमचं ठाणं तीन महिने भाड्याच्या जागेत हलवलं होतं. हेच महाशय आठ दिवस सकाळी जुन्या इमारतीसमोर गाडी लावून मग चरफडत नव्या जागेत यायचे. ठाणे अंमलदार खुर्ची खिडकीकडं नाही म्हणून महिनाभर फुगून बसला होता. शहराचं नाव बदललं तेव्हा किती महिने आमच्याच लोकांच्या कागदांत खाडाखोड व्हायची, ते मी सह्या करता करता बघितलंय. आम्ही शहाणे लोक! आम्हाला सवय मोडताना कुरकुरायची मुभा आहे, आणि हा ओरडला तर येडा.

तेवढ्यात सुपरवायझर आला. "माल सापडला, माणूस सापडला, मग अटक का नाही? घरझडती घ्या, अजून निघेल." मी म्हणालो, तपास चालू आहे. तो गेला आणि अर्ध्या तासात वरून फोन आला. ठेकेदाराची वरपर्यंत ऊठबस होती.

"आजच अटक दाखवा. उगाच घोळ नको."

"सर, सात वर्षांच्या आतल्या शिक्षेचा गुन्हा आहे. नोटीस देऊन सोडता येतं. हा हर्सूलच्या जेलात दोन दिवस टिकणार नाही."

"ते डॉक्टर बघतील. मी सांगतो ते करा."

"करतो सर. फक्त आपला तोंडी आदेश वेळेसकट स्टेशन डायरीत घेतो. म्हणजे पुढं माझ्या आठवणीचा घोळ नको."

"अहो, नोंद कशाला करताय त्याची? तुमच्या पद्धतीनं बघा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. नव्या अधिकाऱ्यांना सांगतो, पिस्तूल कमरेला असतंच, पण पोलिसाचं खरं हत्यार डायरी आहे. मी बहिणीच्या हमीवर नोटीस दिली आणि त्याला घरी पाठवलं. हवालदार म्हणाला, "साहेब, अंगाशी यील." मी म्हणालो, येऊ दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि हवालदार साध्या कपड्यांत पत्र्यांजवळ थांबलो. आठला भाऊ-बहीण आली. काखेत बोर्ड नव्हता, तो आम्ही सील केला होता ना! त्यामुळं तो सुरुवातीपासूनच बेचैन होता. एक नंबरच्या पत्र्यापासून हात फिरवत चालायला लागला. सातवर थांबेल असं मला वाटलं. तो पुढं गेला. तेरानंतरच्या पत्र्यावर तळहात आपटायला लागला. "चौदा के बाद पंद्रा! चौदा के बाद पंद्रा!"

बहीण म्हणाली, "चार दिवस झाले, हेच चाललंय. मला वाटलं गिनती आहे."

मी नंबर बघितले. तेरा, पंधरा, चौदा, सोळा. दोन पत्र्यांची अदलाबदल झाली होती. म्हणजे ते कोणीतरी काढून परत लावले होते, आणि लावताना उलटे लागले. आम्ही तिथून पंचनाम्याला दोनदा गेलो होतो. डोळे होते, पण कोणाच्याच नजरेला ते पडलं नाही. सगळा पोलीसफाटा सात नंबरपाशी घोटाळत होता. हवालदारानं खाली बसून तार बघितली. बाकी पत्रे गंजक्या तारेनं बांधलेले, हे दोन कोऱ्या तारेनं. त्या पत्र्यांच्या मागंच सुपरवायझरची केबिन होती, कोऱ्या तारेचं भेंडोळं तिच्या दाराला लटकत होतं आणि छोट्या टेम्पोच्या चाकांचे माग सळयांच्या ढिगापासून थेट त्या फटीपर्यंत आले होते.

पुढचं काम आम्हाला येतं. सुपरवायझरला बोलावलं, चहा दिला आणि एकच प्रश्न विचारला. पत्रे उलटे का लावले? तो तासभर डोळ्याला डोळा भिडवून खोटं बोलला. एकदाही नजर चुकवली नाही. माझा तीस वर्षांचा नियम त्यानं माझ्याच टेबलावर निकालात काढला. संध्याकाळपर्यंत टेम्पोवाला सापडला, मग भंगाराच्या गोदामातून सळया सापडल्या, आणि सुपरवायझर बोलता झाला. माल कमी पडतोय हे ठेकेदाराच्या लक्षात आलं, म्हणून चोरीची तक्रारही त्यानंच पुढं होऊन दिली होती.

लोक ही गोष्ट ऐकून म्हणतात, बघा, शेवटी तोच उपयोगी पडला! मला याचा संताप येतो. नसता पडला उपयोगी, तर? त्याला पत्र्यांचे नंबर दिसले नसते, तर काय हर्सूलला पाठवायचं होतं? माणसाला त्याच्या थांब्यावर बस मिळावी यासाठी त्यानं आधी पोलिसांना गुन्हा उलगडून द्यायचा का?

कारण गुन्हा उलगडला तरी त्याचा प्रश्न जिथल्या तिथंच होता. बस थांबत नव्हती आणि कारखान्याच्या मालकानं दिलेल्या मुदतीतले दहा दिवस उरले होते. मी बहिणीला विचारलं, आम्ही काय करायचं ते सांगा. ती म्हणाली, "त्याच्यावर नवं काही एकदम टाकू नका. जे बदलणार ते आधी सांगायचं, दाखवायचं. आणि बाकी जेवढं जुनं ठेवता येईल तेवढं ठेवायचं. तेच बूट, तोच डबा, तीच वेळ. त्याची बस बोर्डापाशी येते. बोर्ड पुढं नेता आला तर तो जाईल."

बोर्ड माझ्या मुद्देमाल खोलीत होता. त्याचा गुन्ह्याशी संबंध नाही असा अहवाल कोर्टात दिला आणि मूळ मालकाला, म्हणजे बससेवेला, परत करायची परवानगी दुसऱ्याच दिवशी घेतली. त्यांच्या कार्यालयात बोर्ड घेऊन गेलो तर बाबू म्हणाला, "तात्पुरत्या थांब्याला बोर्ड लावायची तरतूद नाही, साहेब."

"मग मी लावतो. हरकत नाही म्हणून लिहून द्या."

"तसं लिहून देता येत नाही."

"बरं, हरकत आहे असं लिहून द्या."

तेही देईना. मग मी बोर्ड उचलला, जीपमध्ये टाकला आणि भर दुपारी, वर्दीत, स्टुलावर चढून लिंबाशेजारच्या खांबाला तारेनं करकचून बांधला. हवालदार स्टूल धरून उभा. "साहेब, कुणी तक्रार केली मंजी?" मी म्हणालो, "करू दे. दाखल करून घ्यायला ठाणं माझंच आहे." डेपोत फोन करून चालकांनाही बजावलं की आठ वीसची बस या बोर्डापाशी थांबलीच पाहिजे.

बहिणीनं फोटोंचं कार्ड केलं. पत्रे, रस्ता, झाड, बोर्ड, बस, कारखाना. दोन दिवस घरी दाखवलं. रविवारी रस्ता मोकळा असताना चालवून आणलं. आणि तिनं आम्हाला एक वाक्य दिलं. "जुन्या जागेवर हवालदारसाहेबांनी उभं राहायचं आणि एवढंच म्हणायचं: बोर्ड आगे गया, बोर्ड के पास चलो. घरात आम्ही असंच बोलतो. हात लावायचा नाही, एक शब्द इकडंतिकडं करायचा नाही."

पहिल्या दिवशी तो अर्ध्या वाटेतून फिरला. दुसऱ्या दिवशी बोर्डापर्यंत गेला, बोर्डावर हात ठेवला, पण बसचं दार उघडल्यावर कानांवर हात घेतले. बस गेली. बहीण तिथंच फुटपाथवर बसली आणि तेव्हा मात्र रडली. तिसऱ्या दिवशी बस आली, तो चढला आणि वळूनही न बघता गेला. मी पेट्रोल पंपामागं लपून बघत होतो. छप्पन वर्षांचा पोलीस निरीक्षक, रुमालानं तोंड पुसत उभा होतो. कोणी बघितलं असेल तर बघितलं असेल.

दहा-बारा दिवसांनी सगळं विस्कटलं. हवालदार भाचीच्या लग्नाला गंगापूरला गेला आणि त्याच्या जागी गेलेला शिपाई आपलेपणानं म्हणाला, "चल रे दोस्त, जाऊ तिकडं." तो तिथंच खाली बसला. शिपाई बिचारा चांगलाच होता, पण त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी ते वाक्य बीटच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलं आणि सकाळच्या हजेरीला सगळ्यांकडून म्हणून घेतलं. चाळीस जणांनी एका सुरात. एक फौजदार हसला. त्याला पुढं बोलावून एकट्याकडून पाच वेळा म्हणून घेतलं.

निवृत्तीच्या दिवशी चार्ज देताना यादी केली. शस्त्रं, काडतुसं, मुद्देमाल, प्रलंबित तपास. शेवटच्या ओळीत ते वाक्य लिहिलं. नवीन प्रभारी म्हणाले, "सर, हे चार्जमध्ये?" मी म्हणालो, "मोजून घ्या आणि सही करा." त्यांनी केली.

या प्रकरणानं काय शिकवलं, असं विचारतात. बदल सगळ्यांनाच सोसावा लागतो, त्यानंही सोसायला शिकावं, असं ऐकवणारे मला रोज भेटतात. अरे, तो शिकला! तीन दिवसांत शिकला. शिकायला वेळ लागला तो आम्हाला. थांबा हलवताना बोर्ड हलवायचा असतो, एवढी अक्कल यायला आम्हाला एक खोटा आरोप आणि एका निरपराध माणसाचं रक्त लागलं. हे मी कोणत्याही व्यासपीठावर, कोणाही साहेबासमोर म्हणायला तयार आहे.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सकाळी मी सातला दाढी करून, बूट घालून तयार. बायको म्हणाली, "अहो, कुठं निघालात?" पाय आपोआप पत्र्यांकडं गेले. थांबा अजून तात्पुरताच होता, आजही आहे. त्या दिवशी नवा शिपाई अजून आला नव्हता. आठ पाचला तो आला. निळा शर्ट, डबा. मला ओलांडून गेला, थांबला, परत मागं आला. माझ्या शर्टाकडं बघत म्हणाला, "खाकी नहीं."

"नाही. खाकी संपली," मी म्हणालो. पुढं कुठं जायचं, दिवसभर काय करायचं, मला खरंच काही कळत नव्हतं.

तो थोडा वेळ डोलत उभा राहिला. मग चार हात अंतर ठेवून, हात न लावता, एक शब्द इकडंतिकडं न करता मला म्हणाला, "बोर्ड आगे गया. बोर्ड के पास चलो."

मी गेलो.